शंभरातले दहा

प्रिय ताई (आणि ताईच्या मांडीवर बसून हा कागद ओढणारं पिल्लू),

पत्र बघून आधी तुझ्या काळजात धस्स झालं असेल. हातात फोन असताना पत्र कोण लिहितं? तर सगळं ठीक आहे. मी बरी आहे, वेळेवर जेवते, आणि भाऊजींनी दिलेली छत्री अजून हरवलेली नाही. पत्र लिहायचं कारण एवढंच, की फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी चार वाक्यं बोलले की तिकडे दूध उतू जातं नाहीतर पिल्लू रडतं, आणि यातलं काहीच झालं नाही तर तूच म्हणतेस, "बरं, ठेवू का?" पत्राला असं ठेवू का म्हणता येत नाही. फार तर घडी घालून गादीखाली ठेवशील. पण पुन्हा काढून वाचशील, तुला मी ओळखते.

आणि हो, दिलेला शब्द माझ्या लक्षात आहे. महिन्याच्या सुरुवातीच्या त्या फोनवर तू मला बजावलंस, की शालान्त परीक्षेचा विषय पुन्हा काढायचा नाही. मोठ्या सिस्टर तुझ्यासाठी नर्सिंगच्या प्रशिक्षणात जागा धरून बसल्या असोत, त्या जागेला ही एक परीक्षा आडवी येत असो, नाव घालायची मुदत महिनाअखेरीला संपत असो, तुझं आपलं ठरलंय: वॉर्डात आया म्हणून आहेस ती बरी आहेस, आणि विज्ञानाच्या पेपरला या जन्मात पुन्हा बसायचं नाही. "वाद नको, भिंगरे, मला ते डोकं नाही," असं म्हणालीस. नाही घालत वाद. हे पत्र माझ्या नववीच्या वर्गाबद्दल आहे. आमच्याकडे एवढं काय काय घडलंय, आणि मला ते सांगायला इथे कुणी नाही. माझी खोली शिवणकामाच्या दुकानावर आहे. खाली दिवसभर मशीनची खडखड असते, त्यांना माझ्या तराजूच्या गोष्टी कोण सांगणार?

आमची प्रयोगशाळा म्हणजे शाळेच्या मागच्या अंगाची एक लांबट खोली. अर्ध्या भागात मोडकी बाकं रचलेली, उरलेल्या अर्ध्यात आम्ही. एक नळ आहे, तो आधी खोकतो आणि मग पाणी देतो. काचेचं एक कपाट आहे, त्याची किल्ली म्हणे कित्येक वर्षांपूर्वी हरवली, म्हणून आतलं सामान कुणी वापरलंच नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी केसांतली पिन काढून ते कुलूप उघडलं. सगळा वर्ग बाकं सोडून कुलूप बघायला धावला. त्यांना काय माहीत, बाई किल्लीवाल्याच्या घरच्या आहेत! मी बाबांना फोनवर हे सांगितलं, तर ते म्हणाले, "पदवी बाजूला ठेव, हे पहिलं माझ्या गिऱ्हाइकांना सांगतो." तुला तर ठाऊकच आहे, हल्ली किल्ली घासायला टाकली की ते गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवतात आणि 'आमच्या घरातली पहिली पदवीधर' सुरू करतात. आई म्हणते, लोक आता किल्ल्या सांभाळून ठेवायला लागलेत, हरवली तर ते सगळं पुन्हा ऐकावं लागेल.

तर कपाटात बीकर निघाले, मोजपात्रं निघाली, स्पिरिटचा दिवा निघाला आणि एक दोन पारड्यांचा तराजू निघाला. धूळ पुसली, पारडी समतोल केली. आपला तो फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी आमचा 'द्रावणे' हा धडा सुरू व्हायचा होता. मी आदल्या रात्री फळ्यावर काय काय लिहायचं ते ठरवून ठेवलं होतं: द्राव्य, द्रावक, संहती, विद्राव्यता. सकाळी वर्गात गेले, पहिले दोन शब्द लिहिले, वळून बघितलं. एकेक चेहरा दुकानाचं शटर ओढल्यासारखा बंद झाला होता. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी ते शब्द पुसून टाकले. म्हटलं, आज शब्द नाहीत, आज मीठ आहे.

एक पेला घेतला आणि एक मोठा तांब्या. दोन्ही पाण्याने भरले, दोन्हींत एकेक चमचा मीठ घातलं, ढवळलं, आणि सगळ्यांना थेंब थेंब चाखायला दिलं. (घरून नेलेली भांडी होती गं, प्रयोगशाळेतली नव्हती. तोंडात घालायचं काही प्रयोगशाळेच्या भांड्यात करायचं नाही, हा पहिला नियम मीच त्यांना शिकवलाय.) पेल्याने तोंडं वाकडी झाली, तांब्याचं पाणी नुसतं किंचित खारट. मीठ तर सारखंच, मग असं का? आमच्या वर्गात एक उंच मुलगा आहे, त्याला सगळे लंबू म्हणतात, तो उभा राहून म्हणाला, "बाई, हे आमच्या आजीसारखं झालं. मी एकटा नातू होतो तेव्हा केवढे लाड! आता चार नातवंडं झाली. आजी तेवढीच आहे, पण माझ्या वाट्याला पातळ येते." वर्ग हसून हसून आडवा झाला. मी मात्र त्याला म्हटलं, बाबा रे, पुस्तकाला एक पान लागलं ते तू एका वाक्यात सांगितलंस. किती विरघळलं एवढं विचारून भागत नाही, कितीत विरघळलं तेही विचारावं लागतं. दोन्ही मिळून जे कळतं ती संहती. तेव्हा मग तो शब्द फळ्यावर लिहिला, आणि कुणाचंही शटर बंद झालं नाही.

मला राहून राहून आपली सकाळची वेणी आठवते. तू माझे केस विंचरायचीस आणि पाढे म्हणून घ्यायचीस. चुकले की पेड ओढायचीस. साताचा पाढा मला अजून डोक्याच्या मागच्या बाजूला दुखतो! पण एक सांगू? तू मला कधी 'पाठ कर' नाही म्हणालीस. सात चोक अडलं की म्हणायचीस, सात दुणे किती? चौदा. मग चौदा दोनदा घे की, त्यात काय रडायचं! कॉलेजात शिकवण्याची पद्धत म्हणून आम्हाला जाडजूड पुस्तक होतं. त्यात हेच लिहिलेलं होतं, फक्त पेड ओढायचं सोडून.

असो. दुसऱ्या दिवशी वर्गात महायुद्ध झालं. मी सांगितलं, मिठाचं दहा टक्के द्रावण तयार करा, वजनाने. आमच्याकडे पहिल्या बाकावर एक मुलगी बसते. कुठल्याही गोष्टीवर हात वर करून "पण बाई" म्हणते, म्हणून तिचं नाव वकीलबाई पडलंय. ती ताडकन म्हणाली, यात काय, दहा टक्के म्हणजे शंभरात दहा. शंभर ग्रॅम पाणी घ्यायचं, त्यात दहा ग्रॅम मीठ टाकायचं, झालं द्रावण. जवळजवळ सगळा वर्ग तिच्या बाजूने. मागून लंबू म्हणाला, मला काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय. तर वकीलबाई म्हणते, "तुला रोजच वाटतं, कारण तू रोजच चुकतोस." मी कुणाचीच बाजू घेतली नाही. म्हटलं, पाणी तोला, मीठ तोला, मिसळा, आणि तयार झालेलं द्रावण पुन्हा तोला. पण तोलायच्या आधी प्रत्येकाने बोली लावायची, किती भरेल.

ताई, तू पण इथे जरा थांब. पुढचं वाचू नकोस. पाणी शंभर, मीठ दहा, मीठ पूर्ण विरघळलंय, पाणी आरशासारखं स्वच्छ दिसतंय. तराजूत घातलं. किती भरेल?

अर्धा वर्ग म्हणाला शंभरच भरेल. वकीलबाईचं म्हणणं ऐक: "बाई, मीठ तर गेलं. दिसतंय का कुठे? जे नाही ते वजनात कसं येईल?" इतक्या तळमळीने म्हणाली, की क्षणभर मलाच वाटलं, खरंच की! मग आम्ही तोललं. समोरच्या पारड्यात तसाच रिकामा बीकर ठेवून लंबूने वजनं चढवली. शंभराचं ठेवलं, पारडं हललंसुद्धा नाही. त्याने पुढे दहाचं ठेवलं आणि दोन्ही पारडी अलगद समोरासमोर आली. एकशेदहा. मीठ कुठेही गेलेलं नव्हतं, डोळ्यांना दिसायचं थांबलं होतं एवढंच. म्हणजे शंभरात दहा हवे होते, आणि आमच्या बीकरमध्ये होते एकशेदहात दहा. दहा टक्क्यांना थोडं कमीच पडलं. शंभर हे पाण्याचं नाही, मीठ-पाणी मिळून सगळ्या द्रावणाचं धरायचं. लंबू हळूच म्हणाला, मग पाणी नव्वदच घ्यायला हवं होतं. सगळ्यांनी वकीलबाईकडे बघितलं. ती उठली, दप्तर नीट केलं आणि म्हणाली, "खटला हरले. पण अपील करणार." आणि खरोखर केलं, ते पुढे सांगते.

या सगळ्या आरडाओरड्यात दारात मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, रसायनशास्त्राचा तास चालू आहे की भाजीबाजार? तराजू बघून मला बाजारच वाटला. नंतर मला त्यांच्या खोलीत बोलावून घेतलं. बाकीच्या तुकड्यांचा हा धडा संपत आला, तुमचा अजून मिठातच आहे, पोर्शन कसा पुरा होणार, असं शांतपणे विचारलं. वर्षाच्या शेवटी मला कायम करायचं की नाही हे त्यांच्या शेऱ्यावर आहे. पण मी म्हटलं, बाई, घटक चाचणी होईपर्यंत मला थांबू द्या. मुलांना येत नसेल तर मी जादा तास घेईन, रविवारीसुद्धा. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, रविवारी मुलं येणार नाहीत आणि मीही येणार नाही, बघू चाचणीत. त्या कडक आहेत पण वाईट नाहीत. तुमच्या मोठ्या सिस्टरांसारख्याच. आधी ओरडायचं, मग तुझ्याच डब्यात लाडू टाकून जायचं.

मग आम्ही तुरटीला हात घातला. म्हटलं, मीठ झालं, आता बघू पाणी किती खातं. बीकरमध्ये तुरटी घालत गेलो, ढवळत गेलो. आधी पटपट विरघळली, मग रेंगाळत, आणि मग एक वेळ अशी आली की खालचे कण खालीच राहिले. ते पाणी आता संपृक्त झालं. शब्द मोठा आहे, पण अर्थ एवढाच, की पोट भरलं, आता आग्रह करू नका. मग तेच पाणी दिव्यावर गरम केलं, तर ते खालचे कणही गेले आणि वर आणखी मूठभर तुरटी त्याने रिचवली. आणि गार होऊ दिलं, तर जास्तीचं सगळं परत तळाशी! एक मुलगी म्हणाली, आमचे काका असेच आहेत, गरम असतात तेव्हा सगळ्यांना काय काय देऊन टाकतात आणि थंड झाले की परत मागतात. कोणत्या तापमानाला किती पाण्यात जास्तीत जास्त किती मावतं, त्याला विद्राव्यता म्हणतात, हे मी सांगेपर्यंत त्यांना ते आलेलंच होतं, मी फक्त नाव दिलं.

वर्गाला मग हाव सुटली. तुरटीचा एक मोठा स्फटिक वाढवायचा ठरला. गरम द्रावण ताटलीत ओतून ठेवलं, दुसऱ्या दिवशी तळाशी साखरेएवढे चमकणारे खडे. त्यातला एक सगळ्यांत रेखीव, कोपरे धारदार, तो निवडला. त्याला शिवणाचा दोरा बांधायला तीन जणी लागल्या, आणि दोरा माझ्या खालच्या दुकानातला! मग बरणीत ताजं द्रावण केलं. तुरटीचे मोठाले खडे टाकले, ढवळलं, खडे तळाशी उरलेले दिसले. लंबूने हात वर करून जाहीर केलं, "पोट भरलं!" आम्ही द्रावण गाळून घेतलं आणि त्यात आमचं बाळ लोंबकळत सोडलं. शुक्रवार होता. सोमवारी मी शाळेत पोचायच्या आधीच सगळे प्रयोगशाळेच्या दाराशी उभे. बरणीवरचा कागद काढला. दोरा होता, गाठ होती. खडा नव्हता.

जो गोंधळ झाला म्हणतेस! चोरी झाली, चोरी झाली! वकीलबाईने लगेच कोर्ट भरवलं. शुक्रवारी शेवटी खोलीतून कोण निघालं? लंबू. खिडकी कुणी लावली? लंबू. खड्याबद्दल "मी घरी नेऊन आजीला दाखवू का" असं कोण म्हणालं होतं? तेही लंबूच. बिचारा घामाघूम. पण चोराने खडा नेला असता तर गाठ सोडली असती नाहीतर दोरा तोडला असता. गाठीचा फास तर जसाच्या तसा, आत फक्त रिकामा. हे वकीलबाईच्याच लक्षात आलं, आणि आपल्याच आरोपीला तिने भर कोर्टात सोडून दिलं. मग खडा गेला कुठे? तू सांग बघू, ताई. आता इथपर्यंत आलीस तर तुला सांगता येईल.

आली ना शंका बरणीतल्या पाण्याची? बरोबर. पाण्याचं पोट भरलेलं नव्हतंच. तळाशी खडे दिसले म्हणून आम्ही समजलो की आता मावत नाही. पण ते खडे मोठे होते, त्यांना विरघळायला वेळ हवा होता, आणि आम्ही घाई केली. पाणी अर्धपोटी, त्यात आम्ही आमचं बाळ सोडलं. दोन दिवस उपाशी पाण्याने ते आरामात खाल्लं. मीही त्या घाईत होते, हे मी वर्गाला सांगून टाकलं. म्हटलं, बाईसुद्धा फसल्या. मला वाटलं मुलं हसतील, पण तीच माझी समजूत घालायला लागली, "होतं बाई असं."

लंबू मात्र तास संपल्यावर मागे राहिला. रोज वर्गाला हसवणारा मुलगा, मान खाली घालून म्हणाला, बाई, 'पोट भरलं' मीच म्हणालो होतो. मला डोकंच नाही. आमच्या घरात विज्ञान कुणालाच येत नाही, ते रक्तातच नाही. ताई, मला इतका राग आला! त्याचा नाही. हे वाक्य शोधून काढणाऱ्याचा. मी म्हटलं, आमच्या घरात रक्तात कुलपं आहेत, मग मी इथे काय करते आहे? तो फसकन हसला. मी विचारलं, पातळ आजीचं कोण बोललं? नव्वद ग्रॅम पाणी कुणी काढलं? तू चुकलास कारण तू लवकर बघितलंस आणि लवकर बोललास. त्याला औषध आहे: उद्या पुन्हा बघायचं. डोकं लागत नाही त्याला.

आणि दुसऱ्या दिवशी त्यानेच सुचवलं, की तुरटी आधी कुटून बारीक करू, भरपूर घालू, खूप ढवळू आणि रात्रभर तशीच राहू देऊ. सकाळीही तळाशी शिल्लक असेल, तरच भरलं म्हणायचं. तसं केलं. सकाळी पांढरा थर तळाशी तसाच होता. तरी लंबूने काही जाहीर केलं नाही. वकीलबाईला म्हणाला, तू बघ आधी. तिने बरणीला नाक लावून बघितलं आणि निकाल दिला. मग गाळलं, दुसरा खडा सोडला. आता तो वाटाण्याहून मोठा झालाय. आठ बाजू, प्रत्येक बाजू अशी गुळगुळीत, की कुणी घासून ठेवली आहे असं वाटावं. पाणी हळूहळू उडून जातं आणि जे त्याला सांभाळता येत नाही ते त्या खड्यावर येऊन बसतं. घाई नाही, आवाज नाही. मधल्या सुट्टीत मोठ्या बाई येतात, हात मागे बांधून बरणीसमोर उभ्या राहतात, "पोर्शन?" असं विचारतात आणि माझं उत्तर न ऐकता पुन्हा बरणीकडेच बघतात.

परवा घटक चाचणी झाली. दहा टक्क्यांच्या प्रश्नाला बहुतेकांनी नव्वद पाणी, दहा मीठ असं लिहिलं, लंबूनेही. वकीलबाईचा पेपर हातात घेतला तर पाणी शंभर ग्रॅम! मी कपाळाला हात लावला. मग पुढे वाचलं. मीठ अकरा ग्रॅम आणि वर एक नवमांश. ताई, मी कागदावर करून बघितलं, बरोबर येतं! पाणी शंभरच ठेवून तिने मीठ एवढं वाढवलं, की सगळं मिळून त्यातले दहा टक्के मीठच व्हावं. खाली तिरक्या अक्षरात लिहिलेलं: 'अपील.' मी तो पेपर घेऊन तडक मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, पूर्ण गुण द्या, आणि पुढच्या महिन्यात बाकीच्या तुकड्यांच्या शिक्षकांना तुमच्या तासाला बसवू या. माझा जीव भांड्यात पडला. घरी येताना मी रस्त्यातून गुणगुणत आले आणि शिवणाच्या दुकानातल्या काकांनी विचारलं, पगार झाला का? म्हटलं, नाही हो, त्याहून मोठं.

आता शेवटचं, आणि इथे मी शब्द मोडते आहे, तेव्हा हवं तर रागाव. त्या दिवशी फोन ठेवण्याआधी तू आणखी एक बोललीस, ते मी वर मुद्दाम लिहिलं नाही. तू म्हणालीस, "दोनशे ग्रॅम पाण्यात वीस ग्रॅम मीठ, टक्केवारी काढा. मी दहा लिहिलं, भिंगरे. बाहेर आल्यावर सगळ्या पोरी म्हणाल्या, नऊ पूर्णांक काहीतरी. ते नऊ कुठून आले मला आजपर्यंत कळलं नाही. तिथेच समजले, हे आपलं काम नाही." ताई, मधे तुझं लग्न झालं, पिल्लू झालं, घरं बदलली, आणि ते गणित आकड्यांसकट तुझ्याजवळ आहे. मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी मी फळ्यावरचे शब्द का पुसले, ते आता तुला कळलं असेल. वर्गात चाळीस मुलं होती, पण मीठ मी तुझ्यासाठी तोलत होते. तुझी चूक वर्गातल्या सगळ्यांत हुशार मुलीने केली, तशीच्या तशी, आणि ती रडत घरी गेली नाही, कारण तिच्यासमोर तराजू होता. तुझ्यासमोर नुसता पेपर होता आणि घंटा होणार होती. तेव्हा ते नऊ पूर्णांक काहीतरी कुठून आले, हे मी तुला सांगणार नाही. तू वाचता वाचता काढलंयस, आणि नसेल काढलं तर आत्ता पिल्लूला खाली ठेव आणि काढ. हा सगळा धडा होता, ताई, तू ज्याला घाबरतेस तो, आणि तू तो आत्ता वाचून संपवलास. उत्तर मला कळवू नकोस. उद्या ड्यूटीवर गेलीस की मोठ्या सिस्टरांसमोर त्यांच्या टेबलावर मांडून दाखव, आणि त्या बरोबर म्हणाल्या की तिथेच उभ्या उभ्या परीक्षेला नाव घालून ये. नाही घातलंस तरी सुट्टीत मी येतेच आहे. पण मग मात्र वाद घालीन, शब्द तर आता मोडलाच आहे.

तुझ्या हाताखाली शिकलेली, तुझीच,
भिंगरी